डचची सांडशी आणि आपला ‘-लेला’

डच नगरपालिकेच्या पत्रात हमखास सापडेल असा एक तुकडा घ्या : ‘हेत दोर यू इनखेव्हुल्दे फॉर्म्युलीर’. इंग्रजीतून डच शिकणारा त्याची फोड करतो. हेत म्हणजे ‘द’, दोर यू म्हणजे ‘बाय यू’, पुढचं ‘फिल्ड-इन’, शेवटी ‘फॉर्म’. जोडलं की होतं ‘द बाय यू फिल्ड-इन फॉर्म’. असं इंग्रजीत कोणी बोलत नाही, म्हणून तो डोक्याला हात लावून बसतो. मराठीत हाच तुकडा आहे त्या क्रमाने वाचा : तुम्ही भरलेला फॉर्म. झालं.

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतून नेदरलँड्सला जाणारे आणि त्यांच्या मागोमाग जाणारे नवरा-बायको डच शिकतात ते बहुतेक इंग्रजी पुस्तकांतून आणि इंग्रजी ॲपवरून. त्यामुळे धातुसाधित विशेषणांचा धडा ‘फार अवघड, बी२ (भाषापरीक्षांच्या युरोपीय मोजपट्टीवर मध्यमच्या वरची) पातळीचा’ असा शिक्का मारूनच समोर येतो. इंग्रजी बोलणाऱ्याला तो अवघड आहेच. आपण मात्र ‘काल आणलेली भाजी’, ‘समोर राहणारे काका’, ‘भरायचं बिल’ असं दिवसभर बोलत असतो. हे डच इंग्रजीमार्गे शिकणं म्हणजे ठाण्याहून वाशीला थेट ट्रान्स-हार्बर असताना कुर्ल्याला उतरून हार्बर पकडण्यासारखं आहे.

पुढे जाण्याआधी लिपीबद्दल. डच शब्द इथे देवनागरीत आहेत, त्यात काही तडजोडी आहेत. डच ‘जी’ हा घसा खाकरल्यासारखा येतो, तो ‘ख’ लिहिला आहे. शब्दाच्या शेवटचा ‘ए’ प्रत्यक्षात पुसट ‘अ’सारखा ऐकू येतो, पण तोच प्रत्यय असल्यामुळे डोळ्यांना दिसावा म्हणून ‘ए’ ठेवला आहे. शेवटचा ‘द’ उच्चारात ‘त’ होतो. वहीत मात्र मूळ रोमन स्पेलिंगच उतरवा.

आपल्या तीन प्रत्ययांना डचमध्ये तीन जोड्या आहेत. ‘-लेला’ला भूतकालवाचक धातुसाधित : ‘दे व्हेरकोख्ते औतो’, विकलेली गाडी. ‘-णारा’ला वर्तमानकालवाचक, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाला ‘द’ किंवा ‘दे’ : ‘दे इन वाशी वोनेन्दे मान’, वाशीला राहणारा माणूस. आणि ‘-आयचा’ला ‘ते’ अधिक मूळ क्रियापद : ‘हेत ते बेतालेन बेद्राख’, भरायची रक्कम. ही तिसरी जोडी पाठ्यपुस्तकांत फार उशिरा येते, पण वीजबिल, घरभाड्याचा करार, टॅक्सचं पत्र, सगळीकडे तीच असते. ‘एन मुइलेक ते बेख्रैपेन झिन’ म्हणजे समजायला अवघड वाक्य. ‘ते’वाल्या रूपाला कुठलाही प्रत्यय लागत नाही, तेवढीच डोकेदुखी कमी.

आता एक लांबलचक वाक्य नीट उलगडून पाहू, कारण परीक्षेत आणि पत्रांत गाडी अडते ती इथेच.

‘दे व्होरिखे वेक दोर दे खेमेन्ते नार आले बेवोनेर्स व्हान दे वैक खेस्त्यूर्दे ब्रीफ इस नोख नीत आनखेकोमेन.’

गेल्या आठवड्यात पालिकेने वस्तीतल्या सगळ्या रहिवाशांना पाठवलेलं पत्र अजून पोचलेलं नाही. डचमध्ये सुरुवातीचं ‘दे’ हे ‘ब्रीफ’चं, म्हणजे पत्राचं उपपद आहे आणि दोघांच्या मधे तब्बल बारा शब्द बसले आहेत. डच लोक या रचनेला ‘तांगकॉन्स्त्रुक्सी’ म्हणतात. ‘तांग’ म्हणजे पक्कड किंवा चिमटा. स्वयंपाकघरात शोधाल तर आपली सांडशी. एक टोक ‘दे’, दुसरं टोक ‘ब्रीफ’, मधे गरम पातेलं.

पहिला सापळा पहिल्या तीन शब्दांतच आहे. ‘दे व्होरिखे वेक’ वाचलं की ‘मागचा आठवडा’ असा अर्थ लागतो आणि वाचणारा समाधानाने पुढे सरकतो. पण पाठोपाठ ‘दोर’ येतं आणि आठवड्याला क्रियापदच मिळत नाही. तिथे थांबून समजायचं की हे ‘दे’ आठवड्याचं नव्हे, ‘व्होरिखे वेक’ हा नुसता काळ आहे. एरवी खूण आणखी सोपी असते : ‘दे’, ‘हेत’ किंवा ‘एन’ (एक) या उपपदांच्या लगेच नंतर ‘दोर’, ‘इन’, ‘ओप’, ‘नार’, ‘व्हान’ असं शब्दयोगी अव्यय आलं की सांडशी उघडली. मग मधल्या मजकुराशी झटापट न करता सरळ पुढे जायचं आणि ‘-दे’, ‘-ते’ किंवा ‘-एन’ने संपणारं, ज्याला चिकटून बिनउपपदाचं नाम आहे असं रूप शोधायचं. इथे ते ‘खेस्त्यूर्दे ब्रीफ’. पेन्सिलीने पहिल्या ‘दे’पासून ‘ब्रीफ’पर्यंत कमान काढा आणि मग आतला मजकूर मराठीत वाचा. आतल्या प्रत्येक उपपदाला स्वतःचं नाम लगेच मिळतं : दे खेमेन्ते, दे वैक. ज्याला मिळत नाही ते बाहेरचं.

क्रम फक्त एका ठिकाणी उलटतो. ‘नार आले बेवोनेर्स व्हान दे वैक’ शब्दशः ‘ला सगळे रहिवासी चे वस्ती’. आपली अव्ययं नामामागून येतात, त्यांची नामाआधी. म्हणजे छोटे डबे आतून उलटे जोडलेत, पण डब्यांची रांग आपलीच : कधी, कोणी, कोणाला, पाठवलेलं, पत्र.

आपण स्वतः लिहिताना अडचण वेगळी असते. मराठीत ‘-लेला, -लेली, -लेलं’ ठरवायचं ते नामाच्या अगदी शेजारी, त्यामुळे बोलता बोलता जमून जातं. डचमध्ये ‘दे’ की ‘हेत’ (दोन्ही म्हणजे ‘द’च, कुठलं ते नामावर ठरतं) हे सगळ्यात आधी ठरवावं लागतं आणि नाम मैलभर पुढे असतं. म्हणून आधी कागदावर ‘हेत फॉर्म्युलीर’ लिहा, मधे जागा सोडा, मग भरा. उलट केलं की उपपद चुकतंच.

प्रत्ययाचा नियम आपल्यापेक्षा सोपा. नेहमी ‘ए’ लागतो. मुख्य अपवाद, ‘हेत’वालं नाम एकवचनात ‘एन’सोबत किंवा बिनउपपदाचं आलं तर. म्हणून ‘हेत इनखेव्हुल्दे फॉर्म्युलीर’, ‘मैन इनखेव्हुल्दे फॉर्म्युलीर’, पण ‘एन इनखेव्हुल्द फॉर्म्युलीर’. ‘दे’वाल्या नामाला ‘एन’सोबतही ‘ए’ राहतो : ‘एन व्हेरकोख्ते औतो’. आणि ‘-एन’ने संपणाऱ्या रूपाला काहीच लागत नाही : ‘दे खेस्ख्रेवेन ब्रीफ’, ‘दे खेस्लोतेन देर’, म्हणजे लिहिलेलं पत्र, बंद केलेलं दार. मराठी माणसाची जीभ प्रत्येक विशेषणाला प्रत्यय लावायला शिवशिवते, त्यामुळे ‘खेस्ख्रेवेने ब्रीफ’ ही चूक आपल्याकडे फार होते.

स्पेलिंगची एक खोच सांगून पुढे जाऊ. नामाआधी येणारं धातुसाधित शक्य तितकं आखूड लिहितात. ‘दे व्हेरख्रोते फोतो’, मोठा केलेला फोटो, यात रोमनमध्ये एक ‘ओ’ आणि एक ‘टी’. ‘त्याने मोठा केला’ या भूतकाळात मात्र दोन ‘ओ’ आणि दोन ‘टी’. कानाला दोन्ही सारखेच, म्हणून डच मुलंही यात चुकतात. रूपाच्या शेवटी ‘त’ की ‘द’ यासाठीचा ‘कोफस्खिप’चा नियम (एका जुन्या मालवाहू शिडाच्या जहाजाचं नाव) कुठल्याही पुस्तकात मिळेल. इथे एवढंच की ‘बे, खे, एर, हेर, ओन्त, व्हेर’ या उपसर्गांनी सुरू होणाऱ्या क्रियापदांना भूतकालवाचक रूपाचा वेगळा ‘खे’ लागत नाही, आणि सुटी होणाऱ्या क्रियापदांत तो पोटात शिरतो : इन-खे-व्हुल्द.

इथवर मराठीने हात दिला. आता ती कुठे दगा देते ते पाहू, कारण ‘-लेला’चा पसारा डचच्या रूपापेक्षा बराच मोठा आहे.

‘झोपलेलं बाळ’ घ्या. ‘-लेला’ आहे म्हणून ‘खेस्लापेन बेबी’ केलंत तर चूक. बाळ आत्ता झोपेत आहे, म्हणून डच म्हणतात ‘दे स्लापेन्दे बेबी’, झोपणारं. बसलेला, उभा राहिलेला, लटकलेला, सगळे असेच : ‘झितेन्द’, ‘स्तान्द’, ‘हांगेन्द’. मराठी ‘-लेला’ने क्रिया संपून आलेली स्थिती दाखवते, डच ती स्थिती चालू आहे म्हणून वर्तमान रूप घेतं.

दुसरा दगा : ‘पुस्तक वाचलेला माणूस’. (जीव वाचलेला नव्हे, त्याला डचमध्ये ‘ओव्हेरलेव्हेन्दे’ म्हणतात, तेही वर्तमान रूपच.) ‘हेत दोर मै खेलेझेन बुक’, मी वाचलेलं पुस्तक, हे बरोबर, कारण पुस्तक वाचलं गेलं. पण वाचणाऱ्या माणसाला ‘खेलेझेन’ लावता येत नाही. तिथे ‘दी’ची, म्हणजे आपल्या ‘जो’ची, ओळ घ्यावी लागते : ‘दे मान दी हेत बुक हेफ्त खेलेझेन’. याउलट ‘परीक्षा पास झालेला विद्यार्थी’ चालतो : ‘दे व्होर हेत एक्सामेन खेस्लाख्दे स्तुदेन्त’. फरक कशाचा? पूर्ण भूतकाळात जे क्रियापद ‘झैन’ (असणे) हे साहाय्यक घेतं त्याचं धातुसाधित ‘-लेला’सारखं कर्त्याआधी बसतं, जे ‘हेबेन’ (जवळ असणे) घेतं त्याचं नाही. ‘स्लाखेन’, पास होणे, ‘झैन’ घेतं.

मग ‘झैन’ की ‘हेबेन’ हे ओळखायचं कसं? इथे मराठीचा एक जुना ठेवा कामी येतो, तो म्हणजे ‘ने’. मराठीत भूतकाळात ‘त्याने’ म्हणावं लागतं तिथे डच बहुधा ‘हेबेन’ : त्याने वाचलं, त्याने विकलं, त्याने भरला. जिथे नुसतं ‘तो’ येतं तिथे ‘झैन’ची शक्यता : तो गेला, आला, पडला, मेला, राहिला, झाला. यांची डच रूपं ‘खेखान, खेकोमेन, खेव्हालेन, खेस्तोर्व्हेन, खेब्लेव्हेन, खेवोर्देन’, सगळी ‘झैन’ची. ‘गळलेली पानं’ म्हणून ‘दे खेव्हालेन ब्लादेरेन’ होतं. अपवाद पाठच करावे लागतील : तो झोपला, हसला, रडला, बोलला, जेवला, शिकला, यांत ‘ने’ नाही तरी डचमध्ये ‘हेबेन’. म्हणून ‘हसलेला माणूस’ डचमध्ये ‘खेलाखेन मान’ होऊ शकत नाही. उलट बाजूने ‘बेखिनेन’ : मराठीत ‘त्याने सुरू केलं’, डचमध्ये ‘झैन’. आणि ‘तो विसरला’ला दोन्ही चालतं, आठवणीतूनच गेलं असेल तर ‘झैन’, करायचं राहून गेलं असेल तर ‘हेबेन’.

तिसरा दगा मोठा आहे. ‘मी बसलेली खुर्ची’, ‘तो काम करत असलेली कंपनी’, ‘आम्ही राहत असलेली इमारत’. मराठीत कर्ता नाही, कर्म नाही, असं जागेचं नामही बिनदिक्कत ‘-लेला’मागे बसतं. डचमध्ये अजिबात नाही. तिथे ‘वारोप, वारिन’ वापरायचं : ‘दे स्तूल वारोप इक झात’, ज्यावर मी बसलो होतो ती खुर्ची. (हो, ‘स्तूल’ म्हणजे खुर्ची, स्टूल नव्हे.) सोपी कसोटी : मराठी तुकडा सोडवून ‘ज्यावर, ज्यात, जिथे’ आलं की धातुसाधित विसरा.

‘-णारा’ही सगळीकडे उतरत नाही. ‘पनवेलला जाणारी गाडी’ला ‘नार पनवेल खान्दे त्रैन’ म्हणाल तर व्याकरण रागावणार नाही, पण ऐकणारा हसेल. सरळ ‘दे त्रैन नार पनवेल’ म्हणा, ‘-णारी’ गाळून टाका. ‘येता रविवार’ मात्र शब्दाला शब्द जुळतो : ‘कोमेन्दे झोन्दाख’.

आणि ‘मी वाचतोय’साठी ‘इक बेन लेझेन्द’ हे तर चुकूनही नको. ‘इक बेन आन हेत लेझेन’ म्हणा. त्याहून डच म्हणजे ‘इक झित ते लेझेन’, जे आपल्या ‘वाचत बसलोय’चं जुळं भावंड आहे. ‘है स्तात ते प्रातेन’ म्हणजे तो उभ्या उभ्या बोलतोय. शरीर बसलंय, उभं आहे की आडवं, हे क्रियेत मिसळायची सवय दोन्ही भाषांना आहे.

वाक्याच्या सुरुवातीची धातुसाधितं वेगळी. ‘लाखेन्द क्वाम है बिनेन’, हसत हसत तो आत आला. ‘आनखेकोमेन इन वाशी बेल्दे है झैन मुदेर’, वाशीला पोचून त्याने आईला फोन केला. नियम असा की दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा. हा नियम आपल्याला शिकवावा लागत नाही, तो ‘-ऊन’मध्ये आहे. ‘वाशीला पोचून पाऊस सुरू झाला’ हे कानाला खटकतं, कारण पाऊस वाशीला पोचला नव्हता. आपण ‘पोचल्यावर’ म्हणतो. तसंच डचमध्ये ‘आनखेकोमेन इन वाशी बेखोन हेत ते रेखेनेन’ चूक, ‘तून इक इन वाशी आनक्वाम, बेखोन हेत ते रेखेनेन’ बरोबर. म्हणजे ‘-ऊन’ बसलं तर धातुसाधिताचा विचार करा, ‘-ल्यावर’ लागलं तर ‘तून’ किंवा ‘नादात’. (‘त्याला जाऊन दोन वर्षं झाली’सारखे वाक्प्रयोग सोडून द्या.) ‘-ऊन’ असूनही ‘हेबेन’वालं क्रियापद असेल तर एकटं धातुसाधित पुरत नाही. ‘जेवून’साठी ‘ना खेखेतेन ते हेबेन’ हे ग्रांथिक, ‘ना हेत एतेन’ हे रोजचं.

आता पूर्ण वाक्याचा क्रम. यान कोस्टर या डच भाषाशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलं की डच ही मुळात कर्ता-कर्म-क्रियापद अशी चालणारी भाषा आहे, आणि मुख्य वाक्यात क्रियापद पुढे दिसतं ते तिथे हलवलेलं असतं. मराठी माणसाला याहून चांगली बातमी नाही. आधी गौण वाक्य मराठीच्या चालीवर बांधा : ‘दात इक खिस्तेरेन इन ठाणे एन बुक खेकोख्त हेब’, मी काल ठाण्यात एक पुस्तक विकत घेतलंय. मग फक्त ‘हेब’ उचलून दुसऱ्या जागी ठेवा : ‘इक हेब खिस्तेरेन इन ठाणे एन बुक खेकोख्त’. बाकी काहीही हलवायचं नाही. ‘काल’वर भर हवा तर तो पुढे आणा, पण ‘हेब’ दुसऱ्या जागेवरच राहील आणि कर्ता तिसऱ्यावर जाईल : ‘खिस्तेरेन हेब इक…’. ‘खिस्तेरेन इक हेब’ ही आपली सर्वात चिवट चूक. मराठी आणि इंग्रजी दोघी मिळून ती करायला लावतात. जागा मोजताना शब्द मोजू नका. वरच्या पत्राच्या वाक्यात पहिली जागा चौदा शब्दांची आहे आणि ‘इस’ दुसऱ्या जागेवर आहे.

काळ, रीत, ठिकाण हा क्रमही आपलाच. ‘इक खा मोर्खेन मेत दे त्रैन नार पनवेल’, मी उद्या ट्रेनने पनवेलला जातो.

गौण वाक्याच्या शेवटी ‘खेलेझेन हेब’ की ‘हेब खेलेझेन’ यावरून घाबरू नका, दोन्ही बरोबर. पहिल्याला हिरवा क्रम म्हणतात, दुसऱ्याला लाल. ही नावं बोलीभाषांच्या नकाशांवरच्या रंगांवरून आली. हिरवा आपल्या कानाला जवळचा आणि बोलण्यात सहज, लाल लिखाणात जास्त. पण तिसरं क्रियापद आलं की ही मुभा संपते आणि धातुसाधितही नाहीसं होतं : ‘ओमदात इक हेब मूतेन वेर्केन’, कारण मला काम करावं लागलं. इथे ‘खेमूतेन’ नाही.

लांब सांडशी वाचायला शिका, लिहू नका. तीन-चार शब्दांपर्यंत ठीक : ‘दे इन १८५३ खेओपेन्दे स्पोरलैन’, १८५३ मध्ये सुरू झालेला रेल्वेमार्ग (बोरीबंदर ते ठाणे, अर्थात). त्यापुढे ‘दी’ आणि ‘दात’ची वाक्यं जोडा. बोलताना डच लोकही तेच करतात.

सरावाला साहित्य फलाटावर फुकट मिळतं. ‘फलाट क्रमांक नऊवर येणारी गाडी’ : ‘दे ओप स्पोर नेखेन बिनेनकोमेन्दे त्रैन’, सरळ जुळतं. ‘रद्द झालेली गाडी’ : ‘दे औतखेव्हालेन त्रैन’, शब्दशः ‘बाहेर पडलेली’, ‘-एन’ आहे म्हणून प्रत्यय नाही. ‘उशिरा धावणारी गाडी’ : आपल्याकडे ‘-णारी’, त्यांच्याकडे ‘दे व्हेर्त्राख्दे त्रैन’, उशीर झालेली. ‘वाशीला उतरणारे प्रवासी’ : ‘दे इन वाशी औतस्ताप्पेन्दे रैझिखेर्स’. आणि ‘सोबत न्यायचं सामान’ : ‘दे मे ते नेमेन बाखाझे’. क्रियापद ‘मेनेमेन’, पण ‘ते’ त्याच्या पोटात शिरला; ‘ते मेनेमेन’ लिहिलं असेल तर खोडा.